साहेबांची पांढरी खूण

माझ्या गॅरेजात येणारी निम्मी गिऱ्हाइकं एकच वाक्य घेऊन यायची. ‘भैया, लाल बत्ती पे बंद हो जाती है.’ गाडी सुरू होते, पळते, पण सिग्नलला उभी राहिली की मरते. सांगणारा माणूस असा ओशाळलेला असायचा, की गाडीने नव्हे, त्यानेच भर चौकात मान टाकली असावी.

ही गोष्ट १९९० नंतरच्या पहिल्या पाचसहा वर्षांची. नोएडात तेव्हा सेक्टरांना नंबर होते, पण सगळ्या सेक्टरांत माणसं नव्हती. एका सेक्टरात नव्या कंपनीची काचेची इमारत, तर पलीकडच्यात मोहरीचं शेत. दर काही महिन्यांनी नव्या मॉडेलची गाडी रस्त्यावर यायची आणि लोक ती बघायला शोरूमच्या काचेला नाक लावायचे. ज्यांना नवी नोकरी लागली, त्यांनी नवी गाडी घेतली. वडिलांच्या वेळची ॲम्बेसेडर घरातल्या म्हाताऱ्यांकडे किंवा बायकांकडे राहिली. त्या गाड्या माझ्याकडे यायच्या. मार्केटच्या मागच्या अंगाला माझी एका शटरची जागा होती, आणि मी डेंटिंग, पेंटिंग, गिअरबॉक्स असलं काही करत नसे. फक्त ट्यूनिंग, म्हणजे टायमिंग आणि आयडलिंग.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर उभ्या गाडीचं इंजिन जे संथ फिरत राहतं, ते आयडलिंग. ते फार कमी झालं तर इंजिन बंद पडतं, फार वाढलं तर गाडी जागच्या जागी गुरगुरते आणि पेट्रोल पिते. कार्बोरेटरवर त्यासाठी एक स्क्रू असतो. आत फिरवला की इंजिन जोरात, बाहेर काढला की हळू. एवढं सोपं असल्यामुळे ज्याच्या हाती पेचकस, तो प्रत्येक जण हा स्क्रू फिरवून बघतो. नव्या परदेशी कंपनीतल्या एका साहेबाने माझ्याकडून आयडलिंग मुद्दाम वाढवून घेतलं होतं, कारण सासरची मंडळी येणार होती आणि ‘गाड़ी में दम लगना चाहिए.’ सोमवारी तो परत आला. सासऱ्यांनी गाडीत बसल्याबसल्या विचारलं होतं, ‘बेटा, ये कांप क्यों रही है?’

खरी मेख टायमिंगमध्ये. आणि ते मला नीट समजावून सांगायला लावलं ते आमच्या सबनीसबाईंनी.

मी शौकत मुजावर. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, पण वडील सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते, त्यामुळे माझा जन्म, शिक्षण सगळं दिल्लीत. पहाडगंजातल्या मराठी शाळेत मी शिकलो आणि तिथे गणिताला सबनीसबाई होत्या. दहावीनंतर मी आयटीआय केलं, करोलबागेत एका वर्कशॉपमध्ये सात वर्षं काढली, मग नोएडात शटर घेतलं. पहिल्याच वर्षी एक पांढरी ॲम्बेसेडर दारात थांबली आणि आतून बाईच उतरल्या. बरोबर त्यांचे यजमान. साहेब पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर म्हणून रिटायर होऊन नोएडात घर बांधून राहायला आले होते. बाईंनी मला दहा वर्षांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “शौकत, प्रमेयं पाठ करायचास, तसंच इंजिन पाठ केलंयस की समजलंय?”

मी म्हटलं, “समजलंय, बाई.”

“मग सांग. टायमिंग म्हणजे काय?”

ग्रीसने माखलेल्या हातांनी मी उभ्या उभ्या तोंडी परीक्षा दिली. सिलिंडरात पिस्टन वर येताना पेट्रोल मिसळलेली हवा दाबली जाते. तो टोकाला पोचतो त्याच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी, कारण जळायला थोडा वेळ लागतो. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका बसतो, इंजिन खडखडतं. फार उशिरा पडली तर पिस्टन आधीच खाली निघालेला असतो, जोर वाया जातो. जळणं संपायच्या आधीच धूर बाहेर पडायची वेळ होते आणि सगळी आग बाहेरच्या नळीत जाते.

“म्हणजे झोपाळा,” बाई म्हणाल्या. “मागे येतानाच धक्का दिला तर हातावर आपटतो. फार पुढे गेल्यावर दिला तर हात हवेत.”

मी पुढे कित्येक गिऱ्हाइकांना तेच सांगितलं.

टायमिंग तपासायचा माझ्याकडे दिवा होता. कश्मिरी गेटच्या बाजारातून आणलेला, पिस्तुलासारखा. त्याची एक वायर पहिल्या प्लगच्या वायरीला अडकवायची. तिकडे ठिणगी पडली की इकडे दिवा लुकलुकतो. इंजिनच्या पुढे पट्ट्याची पुली असते, तिच्या कडेवर बारीक खाच असते आणि शेजारी इंजिनच्या अंगावर अंशांचे दाते. पुली गरगर फिरत असते, पण दिव्याचा उजेड दर दुसऱ्या फेरीला नेमक्या त्याच क्षणी पडतो. त्यामुळे ती खाच जागच्या जागी उभी दिसते. ती कुठल्या दात्यासमोर दिसते त्यावरून ठिणगी किती अंश आधी पडते ते कळतं. मी ते हजारो वेळा पाहिलं असेल. तरी भरवेगात फिरणारी वस्तू थांबलेली दिसते, याचं मला दर वेळी नवल वाटायचं.

सबनीस साहेब गाडी देऊन घरी जाणाऱ्यांतले नव्हते. शेजारी उभे राहायचे, हातात निळी वही. ऑइल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, हवा किती, सगळं लिहून ठेवायचे. बोलायचे कमी. माझ्यावर त्यांचा विश्वास होता असं मला वाटायचं, आणि माझा त्यांच्यावर त्याहून जास्त.

एका नोव्हेंबरात ते गाडी घेऊन आले. मी दिवा लावला, तर पुलीवर पांढऱ्या रंगाची नवी, ठसठशीत रेघ.

“आजपासून ही खूण बघायची,” साहेब म्हणाले. “हिच्यावर लाव.”

“का साहेब?”

“पेट्रोलचं काही खरं नाही हल्ली.”

पेट्रोलचं खरंच काही खरं नव्हतं, भेसळ सर्रास चालायची, त्यामुळे मी मान डोलावली. इंजिनिअर माणूस, मोजूनमापूनच रेघ ओढली असणार. जुनी खाच कुठे गेली हे मी पाहिलंसुद्धा नाही. पुढे दर तीन महिन्यांनी मी त्या पांढऱ्या रेघेवर टायमिंग लावत राहिलो.

त्याच सुमाराला बाई गाडी चालवायला शिकत होत्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे बसच्या पायरीला नकार देऊ लागलेले, आणि नोएडाहून पहाडगंजला रोज शाळेत जायचं. शिकल्या. वर्षभरात एकट्या यमुना ओलांडून जायला यायला लागल्या. साहेब फाटकापाशी उभे राहून घड्याळ बघायचे.

पुढच्या जानेवारीत साहेब गेले. सकाळी उठलेच नाहीत.

तेराव्यानंतरच्या सोमवारी बाई गाडी काढून शाळेत गेल्या. त्यांचा मुलगा मिलिंद बंगलोरला कम्प्युटरच्या कंपनीत होता. तो म्हणत होता, शाळा सोड, घर भाड्याने दे, माझ्याकडे ये. वाईट मुलगा नव्हता तो, घाबरलेला होता. बाई त्याला म्हणायच्या, रिटायरमेंटला तीन वर्षं आहेत, तेवढी होऊ देत.

एप्रिल उजाडला आणि गाडी बंद पडायला लागली.

सकाळी कधीच नाही. दुपारी शाळा सुटल्यावर, परत येताना, पुलावर. आदल्या उन्हाळ्यात बाई अजून गर्दीबाहेरच शिकत होत्या, आणि आता गाड्या इतक्या वाढल्या होत्या की यमुनेवरचा निजामुद्दीनचा पूल दुपारीही तुंबायचा. त्या रांगेत दहा मिनिटं सरकत सरकत काढली की इंजिन अडखळायचं आणि गप्प व्हायचं. अर्ध्या तासाने, वारा लागल्यावर, काही झालंच नाही असं सुरू. पहिल्यांदा बाईंनी मला सांगितलं तेव्हा हसून सांगितलं. दुसऱ्यांदा हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा गाडी पुलाच्या मधोमध थांबली, मागच्या ट्रकने ब्रेक लावता लावता बंपरला ठोकर दिली, आणि लोकांनी खिडकीशी येऊन आरडाओरडा केला. एकजण म्हणाला, “मैडम, घर पे बैठिए ना. क्यों निकलती हैं?”

हे वाक्य त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. गॅरेजातल्या लोखंडी स्टुलावर बसून, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“गाडीला ठोकर लागल्याचं मिलिंदला शेजाऱ्यांकडून कळलं. परवा येतोय. रविवारी गाडीला गिऱ्हाईक बोलावलंय. शौकत, गाडी गेली की मी बंगलोरला. मला तिथे काही काम नाही रे. शाळेत अजून आहे.”

मी जे जे करता येईल ते केलं होतं. दर वेळी दिवा लावून पाहिलं, खूण बरोबर जागेवर. आयडलिंग बरोबर. कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलचा पंप नवा टाकला, पंपावर ओलं फडकं गुंडाळायला शिकवलं, जे उन्हाळ्यात दिल्लीतले सगळेच करतात. गॅरेजात गाडी घड्याळासारखी चालायची. त्या दिवशी मी म्हटलं, “बाई, उद्या मी शाळेपासून तुमच्याबरोबर येतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या शेजारी बसलो. बाई उत्तम चालवत होत्या, हे आधी सांगितलं पाहिजे. क्लच अर्धा दाबून ठेवायची, उगाच रेस द्यायची, असल्या कुठल्याही खोडी नव्हत्या. पुलावर रांग लागली. आठव्या-नवव्या मिनिटाला इंजिन थरथरलं आणि थांबलं. मागून हॉर्नचा गदारोळ. मी उतरून बॉनेट उघडलं तर आतून भट्टीची धग आली. ॲम्बेसेडरमध्ये कार्बोरेटर धुराच्या नळ्यांच्या अगदी वर बसतो. त्या नळ्या इतक्या तापल्या होत्या की वरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल खदखदत होतं. उकळून वाफ झालेलं पेट्रोल इंजिनला मिळेना.

ऊन होतंच. पण पुढेमागे पन्नास गाड्या त्याच उन्हात उभ्या होत्या, त्यांत ॲम्बेसेडरही होत्या, आणि त्या चालू होत्या. हिच्याच नळ्या इतक्या का तापतात?

पुलावर उभं असतानाच माझं लक्ष आयडलिंगच्या स्क्रूकडे गेलं. दर वेळी बघायचो, पण लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. तो खूपच आत होता. इतका आवळलेला स्क्रू असेल तर इंजिनने उभ्या जागी किंचाळायला हवं. आणि हे तर जेमतेम संथ फिरत होतं. म्हणजे इंजिनला भरपूर खायला मिळत होतं आणि तरी अंगात जोर नव्हता. ती सगळी आग कुठेतरी जात होती. कुठे, ते हाताला जाणवत होतं.

हे तर उशिरा पडणाऱ्या ठिणगीचं लक्षण. बाईंसमोर तोंडी परीक्षेत मीच सांगितलेलं. पण दिवा म्हणत होता, टायमिंग बरोबर आहे.

मग खोटं कोण बोलतंय? दिवा खोटं बोलत नाही, तो फक्त खूण दाखवतो. राहिली खूण.

शनिवारी सकाळी मी हत्यारं घेऊन बाईंच्या घरी गेलो. मिलिंद रात्रीच आला होता. तो हात मागे बांधून पोर्चमध्ये आला आणि म्हणाला, “शौकत भाई, आप समझाइए ना आईला. एका जुन्या गाडीसाठी किती जीव काढायचा?” दिल्लीत वाढलेली मुलं अशीच बोलतात, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी म्हटलं, “एक तास द्या.”

चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं. पहिल्या सिलिंडरच्या भोकात सायकलचा स्पोक वाकवून सोडला. पिस्टन वर आला की स्पोक बाहेर सरकतो, खाली गेला की आत. स्पोक सगळ्यात बाहेर असेल ती पिस्टनची टोकाची जागा, आणि खुणेचा हिशेब तिथूनच असतो. पण घोळ असा की टोकाला पोचल्यावर पिस्टन थोडा रेंगाळतो. हँडल चांगलं बोटभर फिरवलं तरी स्पोक हलत नाही. नेमकं टोक कुठलं म्हणायचं?

बाई चहाचा कप घेऊन बघत होत्या. “काय अडलंय?”

सांगितलं.

“टोकावर कशाला शोधतोस? तिथे काहीच हलत नाही. खाली शोध. वर जाताना स्पोकवर एक रेघ धर, ती रेघ भोकाशी आली की एका ठरावीक दात्यासमोर पुलीवर खूण कर. मग टोक ओलांडून खाली येताना तीच रेघ भोकाशी आली की दुसरी खूण. तुझं टोक या दोन्हींच्या बरोबर मधोमध.” आणि मग, शाळेतल्याच आवाजात, “मध्यबिंदू, शौकत. नववीचा धडा.”

मी हँडल फिरवलं, बाईंनी वाकून खडूने दोन खुणा केल्या. शिवणाची टेप आणून मधलं अंतर मोजलं, अर्धं केलं, तिथे तिसरी खूण. ती पांढऱ्या रेघेपासून चांगली लांब होती. नियमाप्रमाणे लावायच्या जागेपेक्षा टायमिंग जवळजवळ दहा अंश मागे. झोपाळा निघून गेल्यावर हवेत मारलेला धक्का.

तिसऱ्या खुणेपाशी पुलीच्या कडेवर काळा रंग जरा जाड वाटला. मी पेचकसाच्या टोकाने खरवडलं. रंगाखाली घट्ट झालेली, भेगा बुजवायची पुट्टी निघाली. पुट्टीखाली, कंपनीने पाडलेली मूळ खाच. बरोबर बाईंनी काढलेल्या मध्यबिंदूवर.

खाच झिजली नव्हती. कोणीतरी ती मुद्दाम बुजवली होती.

दीड वर्ष, दर तीन महिन्यांनी, मी ही चूक माझ्या हाताने पक्की करत आलो होतो. मी खाली मान घालून म्हटलं, “बाई, पांढरी रेघ साहेबांनी ओढली होती. मी विचारायला हवं होतं.”

त्या आत गेल्या आणि निळी वही घेऊन आल्या. साहेब गेल्यापासून ती कपाटात होती, त्यांनी उघडली नव्हती. पोर्चच्या पायरीवर बसून पानं उलटली, नोव्हेंबर सापडला, आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

“टायमिंग मागे घेतले. कुमुद गाडी शिकते आहे, ओढ कमी असलेली बरी. मूळ खाच बुजवली, नवी खूण रंगवली, म्हणजे शौकत परत पुढे घेणार नाही. आयडलिंग स्क्रूने भरून काढले. हात बसला की पूर्ववत.”

मिलिंद दारात उभा होता. तो पुढे आला आणि आईच्या खांद्यावरून त्याने स्वतः ते वाचलं.

“मला सांगायचं ना,” बाई म्हणाल्या. वहीलाच म्हणाल्या. “मीच म्हटलं असतं, करा कमी. मला कुठे शर्यत लावायची होती?” मग माझ्याकडे बघून, “तारीख बघ. यानंतर चौदा महिने होते ते. चौदा महिन्यांत माझा हात बसला नाही?”

“विसरले असतील, बाई.”

“ते? विसरले?”

त्या पुढची पानं उलटत राहिल्या. ऑइल, हवा, पाणी आणि मधूनमधून बारीक अक्षरात एकेक ओळ. ‘कु. शाळेपर्यंत एकटी. वीस मिनिटे उशीर.’ ‘कु. ब्रेक जरा उशिरा.’ ‘वळणे आता चांगली.’ ‘हॉर्न वाजवत नाही, वाजवायला हवा.’ त्या वाचत होत्या आणि आम्ही दोघं ऐकत होतो. एका ओळीला त्या हसल्या. एकीला ‘खोटं आहे’ म्हणाल्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली नोंद त्यांनी दोनदा वाचली. ‘कु.चा हात चांगला बसला आहे. पण रस्त्यावर नव्या, वेगाच्या गाड्या फार झाल्या. तूर्त असू दे.’

त्यापुढे तीन आठवडे नुसती हवा आणि पाणी. मग कोरी पानं.

बाईंनी वही मिटली. “म्हणजे हात बसला होता,” त्या म्हणाल्या. रडतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या, साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, “भीती त्यांची होती, ती मी चालवत होते. लाव नीट.”

उन्हात दिव्याचा उजेड दिसत नाही. मिलिंदने आतून चादर आणली आणि बॉनेटवर तंबूसारखी धरली. मी डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचा, नट सैल केला, इंजिन सुरू केलं, आणि दिवा बाईंच्या हातात दिला. त्यांनी चादरीखाली डोकं घातलं.

“अरे!” आतून आवाज आला. “थांबलीये की ही! मिलिंद, बघ, पुली फिरतेय आणि खाच थांबलीये!”

मी डिस्ट्रिब्यूटर केसभर केसभर फिरवत गेलो आणि त्या आतून सांगत गेल्या. आणखी, आणखी, थोडं मागे, बस. ठिणगी जसजशी वेळेवर पडू लागली, तसतसं इंजिन चढत गेलं आणि शेवटी ओरडायलाच लागलं. इतके दिवस आवळून ठेवलेला स्क्रू आता नको होता. तो मी अर्धा फेरा, एक फेरा, दीड फेरा बाहेर काढला. इंजिन खाली उतरलं. मग टायमिंग पुन्हा बघितलं, कारण वेग बदलला की तेही सरकतं. एकदा हे, एकदा ते, असं तीन वेळा. शेवटी हात बॉनेटवर ठेवला तर इंजिन चालू आहे की नाही ते कळेना.

इथे मध्येच पुढचं सांगून टाकतो. बाईंनी ती गाडी रिटायर होईपर्यंत आणि नंतरही दोन वर्षं चालवली. मग जुन्या गाड्यांचे दिवस गेले, माझेही. नव्या गाड्यांत टायमिंग कम्प्युटर लावतो, फिरवायला स्क्रूच नाही. माणसाने चुकीची खूण ओढावी एवढीही जागा नाही. ते चांगलंच झालं. फक्त बॉनेट उघडून कोणी ‘का?’ विचारत नाही, याचं कधीकधी वाईट वाटतं. मी स्वतः एकदाच विचारलं आणि पहिल्या उत्तरावर गप्प बसलो. ते मला अजून खुपतं.

तर त्या शनिवारचं. दुपारी दोन वाजता, रणरणत्या उन्हात, बाई म्हणाल्या, “चल.” मिलिंदही यायला निघाला. त्याला त्या म्हणाल्या, “तू घरी थांब. तू असलास की तू ब्रेक मारतोस, तुझ्या बाजूला ब्रेक नसताना.” तो हसला, आणि थांबला.

पुलावर रांग होतीच. आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा. बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी तापमानाचा काटा बघत होतो आणि कान देऊन होतो. शेजारी कोणाची तरी नवीकोरी गाडी तापून वाफा सोडत बाजूला घेतली जात होती. पंधरा मिनिटं झाली. आमचं इंजिन संथ, एका लयीत फिरत राहिलं. रांग सुटली, बाईंनी गिअर टाकला, आणि गाडी अशी पुढे झेपावली की त्या दचकल्या.

“अगं बाई! ही अशी होती?”

“हो. अशीच होती.”

पूल संपला. पहिल्या बसस्टॉपपाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं आता वळवतील.

“शौकत, तू इथे उतर. तुला इथून नोएडाची बस मिळेल.”

“आणि तुम्ही?”

“मी रिजच्या टेकडीवर जाऊन येते. हिंदूराव हॉस्पिटलकडचा चढ आहे ना, तिथे. हे मला म्हणायचे, गाडी चढणार नाही, तू जाऊ नकोस.”

“मी येतो ना बरोबर.”

“नको,” त्या म्हणाल्या, प्रेमाने, पण वर्गात म्हणायच्या तशाच. “तू आलास तर तू ऐकत बसशील. मला चालवायचंय.”

मी हत्यारांची पिशवी घेऊन उतरलो. त्यांनी आरशात पाहिलं, हात बाहेर काढून इशारा केला, आणि एक लांब हॉर्न देऊन त्या गर्दीत शिरल्या. बस यायला पाऊण तास लागला. मी सावलीत उभा राहून शेंगदाणे खाल्ले.

संध्याकाळी मार्केटातल्या पीसीओवर माझ्यासाठी फोन आला. पीसीओवाल्याने हाक मारली, मी हात पुसत धावलो.

“चढली,” बाई म्हणाल्या. “थर्ड गिअरमध्ये.”

“छान, बाई.”

“दोनदा चढले. पहिल्यांदा विश्वास बसला नाही.” मग मागे वळून कोणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, “अरे, त्या उद्याच्या माणसाला फोन कर. येऊ नका म्हणावं.”